सूत्र पाठ, तरी उत्तर चूक: दहावीच्या बीजगणितात आणि संभाव्यतेत चूक नेमकी कुठे शोधायची

तक्रार नेहमी एकच असते. सूत्र येतं, सोडवून दिलेली उदाहरणं समजतात, पण आकडे किंवा शब्द जरा बदलले की उत्तर चुकतं. मग घरातून "अजून सराव कर" असं सांगितलं जातं आणि मूल तीच चूक आणखी पन्नास वेळा गिरवतं. वही नीट पाहिली तर सूत्र चुकलेलं क्वचितच दिसतं. चूक होते ती चल मानताना, चिन्ह उतरवताना, नाहीतर नमुना अवकाश (सगळ्या शक्य निकालांची यादी) लिहिताना.

ती सापडत का नाही, याचं कारण ताळा चुकीच्या जागी घेतला जातो. आपणच मांडलेल्या समीकरणात उत्तर घालून पाहिलं की ते बसतंच, कारण त्याच समीकरणातून ते आलेलं असतं. समीकरणच उलटं मांडलं असेल तर हा ताळा काहीही सांगणार नाही. ताळा घ्यायचा तो छापील उदाहरणाच्या वाक्यांत. वाक्य परत वाचायचं, उत्तर त्यात ठेवायचं आणि गोष्ट जमते का ते पाहायचं. खाली प्रत्येक ठिकाणी हाच ताळा वापरला आहे. चलांसाठी इथे क्ष आणि य घेतले आहेत. पुस्तकात रोमन अक्षरं असतात, रीत तीच.

मांडणीच उलटी होते

"कापूस वेचायला आलेल्या बायांची संख्या गड्यांच्या तिप्पट होती." यावर बरीच मुलं ३ब = ग असं लिहितात. कारण ब म्हणजे "बाया" असं डोक्यात असतं, "बायांची संख्या" असं नसतं. अक्षर हे वस्तूचं नाव झालं की ३ब म्हणजे "तीन बाया" असा भास होतो आणि "तीन बायांमागे एक गडी" हे वाक्य समीकरणासारखं दिसू लागतं.

यावर उपाय म्हणजे छोटा आकडा घालून बघणं. गडी २ असतील तर बाया किती? ६. आता ३ब = ग मध्ये घाला: १८ = २. जमत नाही. ब = ३ग मध्ये घाला: ६ = ६. जमलं. यात वीस सेकंद जातात आणि पुढची दहा मिनिटं वाचतात.

"पेक्षा" या शब्दाचंही हेच. "वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ५ ने कमी आहे." मुलगा १५ वर्षांचा धरा. तिप्पट ४५, त्यापेक्षा ५ ने कमी म्हणजे ४०. म्हणून ३क्ष − ५. जो ५ − ३क्ष लिहितो त्याच्या वडिलांचं वय उणे ४० येतं, हे आकडा घातल्याबरोबर दिसतं. वयाच्या उदाहरणात "५ वर्षांनंतर" आलं की दोघांच्याही वयात ५ मिळवायचे. एकाच्याच वयात मिळवणं ही इथली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट, अडीचपट हे शब्द आले तर लगेच बाजूला अपूर्णांक लिहून ठेवा: ५/४, ३/२, ७/४, ५/२. घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलाला वाक्य जड जात असेल तर आधी ते घरच्या बोलीत सांगायला लावा. जे सांगता येत नाही त्याचं समीकरण होत नाही.

"समजा" ची ओळ कधीही गाळू नका, आणि ती पूर्ण लिहा. "क्ष = केळी" ही ओळ निरुपयोगी आहे. "चांगल्या प्रतीच्या केळीचा क्विंटलचा भाव क्ष रुपये मानू" ही कामाची, कारण तिच्यात काय मोजलंय आणि कशात मोजलंय ते दोन्ही आहे.

दोन समीकरणं बरोबर, तरी उत्तर भलतंच

रावेरच्या एका शेतकऱ्याने एका दिवशी ५ क्विंटल चांगली आणि २ क्विंटल हलकी केळी ८९०० रुपयांना विकली. दुसऱ्या दिवशी त्याच भावाने ३ क्विंटल चांगली आणि ४ क्विंटल हलकी ८००० रुपयांना गेली. दोन्ही भाव काढा.

५क्ष + २य = ८९००
३क्ष + ४य = ८०००

य चे सहगुणक समान करायला पहिल्या समीकरणाला २ ने गुणायचं: १०क्ष + ४य = १७८००. उजवी बाजू गुणायची राहिली की ७क्ष = ९०० होतं आणि भाव अपूर्णांकात येतो. किमती, माणसं, वयं असली आणि उत्तर न सुटणाऱ्या अपूर्णांकात आलं, तर पहिला संशय या गुणाकारावर घ्या.

वजाबाकी करताना खालच्या समीकरणातलं प्रत्येक चिन्ह बदलायचं. ते डोक्यात न बदलता प्रत्येक पदाखाली पेन्सिलने नवं चिन्ह लिहायचं. ७क्ष = ९८००, म्हणून क्ष = १४००. मग २य = ८९०० − ७००० = १९००, य = ९५०. ताळा दुसऱ्या दिवसाच्या वाक्यात: ३ क्विंटलचे ४२०० आणि ४ क्विंटलचे ३८००, मिळून ८०००. य ज्या समीकरणातून काढला त्यातच ताळा घेऊन उपयोग नाही, दुसऱ्यात घ्यायचा.

क्रेमरच्या पद्धतीने हेच: मुख्य निश्चयक (सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) ५×४ − २×३ = १४. क्ष चा निश्चयक ८९००×४ − २×८००० = १९६००, य चा ५×८००० − ८९००×३ = १३३००. भागाकार १४०० आणि ९५०. इथे दोन्ही उत्तरं आकड्याने बरोबर पण उणे आली, तर समीकरण ५क्ष + २य − ८९०० = ० या रूपात ठेवून −८९०० तसाच निश्चयकात घातला आहे असं समजा. आधी स्थिर पद उजवीकडे न्यायचं, मगच निश्चयक लिहायचा.

वर्गसमीकरण: "मुळं वास्तव नाहीत" असं येतं

शाब्दिक उदाहरणात हे आलं की बहुतेक वेळा मांडणीत वजाबाकी उलटी झालेली असते. उदाहरण असं: एका एसटी बसचा वेग ताशी १५ किमीने जास्त असता, तर १८० किमी अंतर कापायला १ तास कमी लागला असता. बसचा मूळ वेग काढा.

मूळ वेग ताशी क्ष किमी मानला तर मूळ वेळ १८०/क्ष तास आणि नवी वेळ १८०/(क्ष + १५) तास. वेग वाढला की वेळ घटते, म्हणून मूळ वेळ मोठी. मोठीतून छोटी वजा करायची:

१८०/क्ष − १८०/(क्ष + १५) = १

छेद काढल्यावर १८०×१५ = क्ष(क्ष + १५), म्हणजे क्ष² + १५क्ष − २७०० = ०.

वजाबाकी उलटी केली तर हेच समीकरण क्ष² + १५क्ष + २७०० = ० होतं. त्याचा विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाच्या आत येणारी संख्या, २२५ − १०८०० म्हणजे उणे, आणि मूल "मुळं वास्तव नाहीत" असं लिहून मोकळं होतं. प्रश्नात "वेग काढा" म्हटलंय म्हणजे वेग आहे. विवेचक उणे आला की पुढे न जाता वजाबाकीच्या ओळीवर परत जा आणि विचारा: दोन्हीतली मोठी वेळ कोणती?

याच उदाहरणात "१ तास" ऐवजी "३० मिनिटे" असतं तर उजवीकडे ३० नव्हे, १/२ लिहायचं, कारण वेग ताशी आहे. एकक न बदलणं ही एवढी नेहमीची चूक आहे की "समजा" च्या ओळीतच "तास" हा शब्द लिहून ठेवण्याची सवय लावावी.

आता अवयव. गुणाकार −२७००, बेरीज १५. मुलं १×२७००, २×१३५० अशी सुरुवात करतात आणि दमतात. २७०० चं वर्गमूळ ५२ च्या जवळ आहे. बेरीज १५, म्हणजे दोन संख्यांमधला फरक फक्त १५. त्यामुळे जोडी ५२ च्या आसपासच असणार. ५२ पासून खाली या: ५० × ५४, फरक ४. ४५ × ६०, फरक १५. मिळाली. (क्ष + ६०)(क्ष − ४५) = ०. वेग उणे नसतो, म्हणून क्ष = ४५. ताळा वाक्यात: ताशी ४५ ने १८० किमीला ४ तास, ताशी ६० ने ३ तास, फरक १ तास. फरक मोठा असेल, म्हणजे बेरीज १५ ऐवजी समजा १६५ असेल, तर वर्गमुळापासून लांब, लहान अवयवांकडे शोधायचं.

सूत्र पद्धतीत तीन ठिकाणी चिन्ह घसरतं. ३क्ष² − ७क्ष − ६ = ० घ्या. अ = ३, ब = −७, क = −६; चिन्हासकट लिहिणं सक्तीचं. ब² म्हणजे (−७)² = ४९, −४९ नव्हे. −४अक म्हणजे −४ × ३ × (−६) = +७२. विवेचक १२१. आणि सूत्रातला −ब म्हणजे −(−७) = ७. म्हणून क्ष = (७ ± ११)/६, म्हणजे ३ किंवा −२/३. छेदाची रेघ ७ च्याही खालून गेली पाहिजे. फक्त ११ ला ६ ने भागलं की दोन्ही मुळं चुकतात. मुळांचा झटपट ताळा: बेरीज −ब/अ म्हणजे ७/३ यायला हवी. ३ − २/३ = ७/३. आली.

आणखी दोन सापळे आहेत. (क्ष − ३)(क्ष + २) = ६ असं दिलं की काहीजण क्ष − ३ = ६ लिहितात. गुणाकार शून्य असेल तरच एक अवयव शून्य असतो. गुणाकार ६ असेल तर अवयव २ आणि ३ असू शकतात, १ आणि ६ असू शकतात, काहीही. आधी सोडवून क्ष² − क्ष − १२ = ० करा, मग क्ष = ४ किंवा −३. दुसरा सापळा क्ष² = ५क्ष चा. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की क्ष = ० हे मूळ कायमचं हरवतं. डावीकडे आणून क्ष(क्ष − ५) = ० करा.

कोणतं मूळ ठेवायचं, कोणतं टाकायचं

"उणे आलं की टाकायचं" हा नियम अपुरा आहे, आणि तो तसाच शिकवला जातो याचं वाईट वाटतं. याचं उत्तम उदाहरण खानदेशाशी जोडलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा उल्लेख आहे. त्याच भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, माकडांची दोन उदाहरणं शेजारी शेजारी आहेत.

पहिलं: टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं वनात खेळताहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मुळं ४८ आणि १६. वाक्यात घाला: ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, १६. दोन्ही चालतात, दोन्ही लिहायची.

दुसरं: टोळीच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला तर तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजे क्ष² − ५५क्ष + २५० = ०. मुळं ५० आणि ५, दोन्ही धन! "उणे टाका" हा नियम इथे गप्प बसतो. पण वाक्यात घातल्यावर ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की उणे २ माकडं. समीकरणाला ५ चालतं, कारण वर्ग केल्यावर उणे चिन्ह पुसलं जातं. गोष्टीला चालत नाही. भास्कराचार्यांनी ५ हे मूळ याच कारणाने घेऊ नये असं सांगितलं आहे. मूळ टाकताना "म्हणून क्ष ≠ ५" एवढंच न लिहिता का टाकलं ते एका वाक्यात लिहा.

श्रेढीत एक पद कमी पडतं

इथे थोडक्यात. ३० मीटर लांब ओळीत दर १.५ मीटरवर केळीचं रोप लावायचं, पहिलं ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटचं टोकाला. ३० ÷ १.५ = २० हे रोपांमधलं अंतर किती वेळा आलं ते झालं; रोपं २१. श्रेढीतही पदांची संख्या काढताना (शेवटचं पद − पहिलं पद) ÷ सामान्य फरक, आणि त्यात १ मिळवायचा. १०० ते २०० मध्ये ७ ने भाग जाणाऱ्या संख्या: पहिली १०५, शेवटची १९६, ९१ ÷ ७ = १३, अधिक १, म्हणजे १४.

संभाव्यता: अंश बरोबर, छेद चूक

संभाव्यतेत चुका बहुतेक छेदात होतात. छेद म्हणजे नमुना अवकाशातल्या घटकांची संख्या, आणि ते सगळे घटक समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, असले तरच "अनुकूल भागिले एकूण" हे सूत्र चालतं. दोन फासे टाकले, बेरीज ७ येण्याची संभाव्यता किती? बेरीज २ ते १२ म्हणजे ११ शक्यता, म्हणून १/११, असं उत्तर येतं. पण बेरीज २ फक्त एकाच प्रकारे येते आणि ७ सहा प्रकारे. त्या ११ बेरजा समसंभाव्य नाहीत. एक फासा लाल, एक पांढरा समजा. मग (१, ६) आणि (६, १) वेगळे आहेत हे मान्य करावंच लागतं. एकूण ३६, अनुकूल (१,६), (२,५), (३,४), (४,३), (५,२), (६,१). उत्तर ६/३६ = १/६. दोन नाण्यांतही हाच घोळ होतो: "दोन छापे, दोन काटे, एक-एक" असे तीन नव्हेत, चार घटक.

अंकांपासून संख्या बनवताना दोन गोष्टी आधी ठरवा: पुनरावृत्ती चालते का, आणि शून्य पुढे बसलंय का. ०, २, ३, ५ यांपासून अंकांची पुनरावृत्ती न करता दोन अंकी संख्या: २०, २३, २५, ३०, ३२, ३५, ५०, ५२, ५३. एकूण ९. मूळ संख्या २३ आणि ५३, म्हणून २/९. पुनरावृत्ती चालत असेल तर २२, ३३, ५५ ची भर पडून १२ होतात, मूळ संख्या दोनच, उत्तर १/६. १६ हा छेद दिसला तर ०२ किंवा ०५ ही दोन अंकी संख्या धरली गेली आहे.

पत्त्यांत "लाल किंवा राजा" म्हणजे २६ + ४ नव्हे. बदामचा आणि चौकटचा राजा दोनदा मोजला गेला, ते दोन कमी करा: २८/५२ = ७/१३. चित्रयुक्त पत्ते १२: गुलाम, राणी, राजा. एक्का त्यात धरायचा नाही.

समिती निवडायची असेल तेव्हा एक वेगळीच चूक होते. ३ मुली आणि २ मुलगे यांतून दोघांची समिती, किमान एक मुलगा असण्याची संभाव्यता किती? समितीत क्रम नसतो, म्हणून जोड्या १०, दोन्ही मुली असलेल्या ३, उरल्या ७, उत्तर ७/१०. क्रम धरून २० आणि १४ घेतले तरी उत्तर तेच येतं. बिघडतं ते छेदात क्रम धरला आणि अंशात धरला नाही तेव्हा, म्हणजे ७/२०. क्रम धरायचा तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही.

अकरावी-बारावीकडे गेलं की "परत न ठेवता" ची उदाहरणं येतात. बामणोदच्या भरिताच्या वांग्यांची टोपली घ्या: १२ वांगी, त्यात ३ किडकी. न बघता दोन काढली, पहिलं परत टाकलं नाही. किमान एक किडकं निघण्याची संभाव्यता किती?

"किमान एक किडकं" याच्या उलट "दोन्ही किडकी" असं धरलं जातं. उलट आहे ते "एकही किडकं नाही". दोन्ही चांगली निघण्याची संभाव्यता ९/१२ × ८/११ = ७२/१३२ = ६/११. दुसऱ्या वेळी पुन्हा ९/१२ लिहिलं तर पहिलं वांगं परत टोपलीत टाकल्यासारखं होतं. एक चांगलं बाहेर गेलंय, म्हणून उरलेल्या ११ मध्ये चांगली ८. किमान एक किडकं: १ − ६/११ = ५/११.

याचा ताळा "६/११ + ५/११ = १, बरोबर" असा घेऊ नका, कारण ५/११ त्याच वजाबाकीतून आलंय. वेगळ्या वाटेने मोजा. १२ वांग्यांच्या जोड्या १२ × ११ ÷ २ = ६६. एक किडकं, एक चांगलं अशा जोड्या ३ × ९ = २७. दोन्ही किडकी अशा ३. मिळून ३०, आणि ३०/६६ = ५/११.